मूळ रंगाचा हट्ट

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह दरवर्षी असतो आणि दरवर्षी मी लसीकरण, अतिसार किंवा बालदमा यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून मोकळा होतो. ती पाने कोणी वाचत असेल की नाही, याविषयी मला शंकाच आहे. कारण डॉक्टर मंडळींना त्यातले सारे ठाऊक असते आणि इतरांना ते मी दवाखान्यात तोंडी ऐकवलेले असते. यंदा मात्र विषय वेगळा आहे. जुन्या मोटारी आणि जुनी ध्वनियंत्रे यांचा नाद असलेल्या चार मित्रांच्या गप्पा, हा तो विषय. वैद्यकीय स्मरणिकेत या गप्पांचे काय प्रयोजन, असे ज्यांना वाटेल त्यांनी कृपया थोडा धीर धरावा.

सर्वणला आमचे एक स्नेही राहतात. खाणीवरच्या अवजड यंत्रांच्या कार्यशाळेत त्यांची उमेद गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि डिचोली तालुक्यातल्या हजारो जणांप्रमाणे तेही घरी बसले. काम गेले, पण हात स्वस्थ बसेनात. घराच्या बाजूचा गुरांचा गोठा कित्येक वर्षे ओस पडला होता. त्याची त्यांनी मोटारशाळा केली. आधी शेजाऱ्यांच्या स्कूटरी, मग एक जीप आणि शेवटी, कोणा भाटकाराच्या वाड्यामागे माडांच्या झावळ्यांखाली सडत पडलेली १९५९ सालची शेव्हर्ले, असा त्यांचा प्रवास झाला. रविवारी सकाळी त्यांच्या वसरीवर आमचा अड्डा जमतो. बोटीवर वीजतंत्री म्हणून आयुष्य काढलेले एक तारवटी, निवृत्त झालेले एक माध्यमिक शिक्षक, डिकीत भलामोठा सबवूफर घेऊन हिंडणारा एक तरुण अभियंता आणि वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून जपून ठेवलेला मी, असे आम्ही पाच जण. चहा, काजू आणि कधी पातोळ्या असतात.

या गप्पांना विषयपत्रिका नसते, पण एक वाद गेली सहा वर्षे चालू आहे. जगातली पहिली मसल कार कोणती? शिक्षकमहाशयांचे मत १९६४ च्या पाँटिॲक जीटीओच्या बाजूने आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा तेव्हा अंतर्गत नियम होता. पाँटिॲकच्या अभियंत्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन जादा सामान म्हणून नोंदवले आणि नियमाच्या कुंपणाखालून गाडी बाहेर काढली. ३२५ अश्वशक्तीची ही गाडी तरुणांनी डोक्यावर घेतली आणि मग चार्जर, कॅमारो, रोडरनर अशी रांगच लागली. तारवटीबाब मात्र १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ वर ठाम आहेत. हलक्या अंगात मोठे इंजिन घालण्याची युक्ती पंधरा वर्षे आधीची, असा त्यांचा युक्तिवाद. यावर शिक्षक म्हणतात, आजोबा पैलवान होते म्हणून आजोबांना कोणी नातवाच्या तालमीचे संस्थापक म्हणत नाही. असा हा वाद कोणत्याच रविवारी मिटत नाही आणि मिटू नये अशी सर्वांचीच इच्छा असते.

आपल्याकडे अशी गाडी कोठली? मुंबईला कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि प्लायमाउथ जुळवल्या जात. पण त्या कुटुंबवत्सल गाड्या. आमच्या पिढीला मसल कारची आठवण करून देणारी गाडी म्हणजे कोंटेसा. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ च्या सुमारास आणली, तेव्हा तिचा रुबाब अमेरिकी होता, सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा होता आणि इंजिन होते ॲम्बेसेडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे, पन्नास अश्वशक्तीचे. शरीर पैलवानाचे आणि हृदय कारकुनाचे, असे तिचे वर्णन आमचे शिक्षकमहाशय करतात आणि ते स्वतः तीच गाडी चालवतात. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर तिच्यात खरा जीव आला. २००२ मध्ये ती बंद झाली.

गोव्याची गोष्ट मात्र उर्वरित देशाहून निराळी होती. १९६१ पूर्वी भारतात मोटार घ्यायची तर दोन-तीन नावांपैकी एक निवडून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इकडे मात्र पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः खाणींचा पैसा खेळू लागल्यावर, मुरगाव बंदरात ओपेल, मर्सिडीझ, फोक्सवागन, शेव्हर्ले उतरत होत्या. पोर्तुगालने १९२८ साली वाहतुकीची उजवी बाजू स्वीकारली, पण गोव्यात ती डावीकडूनच चालू राहिली. कारण सरहद्दीपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान होता. असे तपशील कोठून कोठे निघतात आणि दोन तास कसे सरतात ते कळत नाही.

माझे काही समव्यवसायी बंधू या नादाला रिकामटेकडेपणा म्हणतात. मला ते मान्य नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला, त्यातून डॉक्टरला, आजार आणि पैसा सोडून इतर कशावर बोलता येणे ही चैन नव्हे, गरज आहे. खाण बंद झाल्यावर आमच्या त्या स्नेह्यांना कोणत्याही गोळीपेक्षा त्या शेव्हर्लेनेच अधिक सावरले, हे मी जवळून पाहिले आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते या नादाच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये.

दोन रविवार मी या मंडळींना ध्वनीवर व्याख्यान दिले होते. निमित्त अर्थातच अभियंत्याच्या सबवूफरचे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कान सहन करतात. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. लहान मूल मागच्या आसनावर असेल तर ध्वनिवर्धकाच्या अगदी तोंडाशी असते, इत्यादी. सर्वांनी माना डोलावल्या. अभियंत्याने आवाज खरोखरच कमी केला. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे कर्तव्य मी पार पाडले, अशा समाधानात मी चहाचा दुसरा कप घेतला.

त्या दोन्ही रविवारी आमच्या स्नेह्यांचा नातू त्याच अंगणात रांगत आणि धडपडत चालत होता. वय दीड वर्ष. आजोबांच्या मोटारशाळेत जायला त्याला फार आवडे. चाकाच्या कडेवर हात फिरवायचा, खाली पडलेला पाना उचलायचा, आणि मग तोच हात तोंडात. आम्ही सारे कौतुकाने पाहत होतो. हा घराण्याचा नाद पुढे चालवणार, असे कोणीतरी म्हणालेही. कदाचित मीच म्हणालो असेन.

तो माझाच रुग्ण होता. भूक मंदावली होती, पोट साफ होत नव्हते, चिडचिड वाढली होती आणि माती खाण्याची सवय लागली होती. हिमोग्लोबिन ८.४. माझ्या दवाखान्यात अशी मुले आठवड्याला चार येतात. मी जंताचे औषध दिले, लोहाचे थेंब दिले, गाईचे दूध कमी करून नाचणी, भाजी, मासळी वाढवा म्हणून सांगितले. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.९. आई औषध नीट देत नसावी, असा माझ्या मनात संशय आला आणि तो मी, सांगायला शरम वाटते, तिच्या तोंडावर बोलूनही दाखवला. ती मुलगी काही बोलली नाही. पुढच्या खेपेस औषधाची रिकामी बाटली तेवढी तिने टेबलावर ठेवली.

पुढे एका रविवारी शेव्हर्लेच्या पुढच्या पंख्याचा पत्रा घासणे चालू होते. ग्राइंडरने सुकेच घासत होते. उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसत होती आणि तिचा रंग होता शेंदरी. मी सहज विचारले, हा कसला रंग? आमचे स्नेही अभिमानाने म्हणाले, ‘दोतोर, हा बार्जीचा शेंदूर! गाडी आणली तेव्हाच खालून सगळी माखून घेतली असणार. म्हणून तर पत्रा वाचला.’ गोदीत जहाजांच्या आणि बार्जींच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी शेंदरी रंगाचा हात देत, हे त्या किनाऱ्यावर कोणालाही ठाऊक आहे. आणि शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हे रसायनशास्त्रात मलाही ठाऊक होते. फक्त ते ज्ञान माझ्या डोक्यात ज्या कप्प्यात होते, त्याच्या शेजारच्या कप्प्यात ते मूल नव्हते.

त्या मुलाच्या दोन्ही तळहातांवर तोच रंग होता.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासणीसाठी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले. दर डेसिलिटरला ३४ मायक्रोग्रॅम शिसे. आजोबांचे ४६. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राची लहान मुलांसाठीची संदर्भपातळी २०२१ पासून ३.५ आहे, त्यापूर्वी ती ५ होती आणि मी एम.डी. झालो तेव्हा १० होती. यापैकी कोणतीही सुरक्षित पातळी नव्हे. सुरक्षित अशी पातळी अद्याप सापडलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या वर गेल्यास उगम शोधून तो थांबवायला सांगते. ४५ च्या खाली आणि लक्षणे गंभीर नसताना शिसे बाहेर काढणारी औषधे सहसा देत नाहीत. उपचार म्हणजे उगम बंद करणे, लोह आणि कॅल्शियम भरून काढणे आणि वाट पाहणे. लोहाची कमतरता असलेले मूल शिसे अधिक शोषते आणि शिसे हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते. म्हणजे माझे लोहाचे थेंब एका दारातून आत जात होते आणि त्याच घरात दुसऱ्या दारातून शिसे येत होते.

मसल कार आणि शिसे यांचे नाते केवळ रंगापुरते नाही, हे मला मग वाचता वाचता उमगले. ती आमच्या गप्पांत कधीच न आलेली बाजू होती. मोठे इंजिन जोरात चालवायचे तर त्यातील मिश्रण अधिक दाबावे लागते. दाब वाढला की पेट्रोल अवेळी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. त्यावर १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी उपाय शोधला, टेट्राइथिल शिसे. १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळून विकले जाऊ लागले. त्याच वर्षी मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ मध्ये सरकारी परिषद भरली, तेथे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा इशारा दिला, आणि तरीही ते पेट्रोल पुढची पन्नास वर्षे जगभर जळत राहिले. जीटीओचे ३८९ घनइंच आणि चार्जरचे ४२६ घनइंच याच शिशावर गर्जत होते.

१९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र गाडीत बसवायचे तर पेट्रोलमध्ये शिसे चालत नाही, कारण ते यंत्र शिशाने निकामी होते. १९७१ पासून इंजिनांमधला दाब कमी करण्यात आला, विम्याचे दर वाढले, १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि मसल कारचा जमाना संपला. आमचे शिक्षकमहाशय हा प्रसंग असा सांगत, जणू सरकारने एखाद्या राजपुत्राचा वध करविला. मी स्वतः कित्येकदा त्यावर हळहळलो आहे.

आता त्याच दशकातली दुसरी गोष्ट. डॉ. हर्बर्ट नीडलमन हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसोपचारतज्ज्ञ. मुलांच्या शरीरात शिसे किती साठले हे मोजायचे तर हाड कापून पाहता येत नाही. त्यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. १९७९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दातांत ज्यांच्या शिसे अधिक, त्या मुलांची बुद्धिमापनातील कामगिरी कमी आणि वर्गातले लक्षही कमी, असे त्यात दिसून आले. यांतले एकही मूल आजारी म्हणून कोणा डॉक्टरकडे गेलेले नव्हते. शिसे उत्पादकांच्या बाजूने त्यांच्यावर पुढे बरेच किटाळ आणले गेले, पण ते टिकले नाही. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास शिसे होते. पेट्रोलमधून ते हटल्यावर आज ती सरासरी एकाच्याही खाली आहे. बालरोगशास्त्रात इतके मोठे यश लसी सोडल्यास क्वचितच कशाला आले असेल.

आपल्याकडे १९९४ मध्ये चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले. त्या सुमारास पद्मिनीवाल्यांत मोठी धास्ती होती. शिसे नसेल तर व्हॉल्व्हची बैठक झिजेल, इंजिन बसेल, असे सांगत काही जण बाटलीतले द्रव्य टाकीत ओतत. माझ्या पद्मिनीचे इंजिन अजून चालते आहे. अमेरिकेतील मसल कारवाले त्या जागी कठीण पोलादाच्या कड्या बसवतात आणि शिशाविना मजेत गाडी हाकतात. जगातला शिशाच्या पेट्रोलचा शेवटचा पंप बंद झाला तो अल्जीरियात, २०२१ साली.

हे सारे मी एका रविवारी वसरीवर सांगितले. शिक्षक शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘डॉक्टर, आपण सगळे त्याच पेट्रोलच्या धुरात वाढलो. आपल्याला काय झाले?’

हा प्रश्न मला या लेखातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रत्येक घरात निरनिराळ्या निमित्ताने विचारला जातो. आम्ही पट्टा न लावता फिरलो, आम्हाला काय झाले? आम्ही भिंतीची पापुद्री खाल्ली, आम्हाला काय झाले? पट्ट्याच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. ज्यांना काही झाले ते आज वसरीवर नाहीत. शिशाचे उत्तर अवघड आहे. आपल्याला काय झाले हे आपल्याला कळण्याचा मार्गच नाही. दहा गुण कमी पडलेला मुलगा, आपल्याला दहा अधिक पडले असते, हे कोणत्या आरशात पाहणार? पोलिओने पाय जातो तेव्हा तो दिसतो. शिसे दिसण्यासारखे काही नेत नाही. मूल हसते, खेळते, शाळेत जाते, आणि मास्तर म्हणतात, जरा मंद आहे, लक्ष देत नाही. शिक्षकमहाशयांनी पस्तीस वर्षे वर्ग चालवले. ते नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरा आक्षेप तारवटीबाबांचा, आणि तो अधिक गंभीर होता. जुन्या गाडीचे मोल तिच्या मूळपणात आहे. रंग उतरवून नव्या पद्धतीचा दिला, सांध्यांतले शिसे काढून रेझीनची लांबी भरली, तर मग राहिले काय? येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांच्या पत्र्याचे सांधे शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने भरून घासून सारखे करीत. म्हणजे शेंदूर खालून, शिसे सांध्यांत आणि वर पिवळ्या-तांबड्या रंगात शिशाचेच क्रोमेट. मूळपणाची किंमत एवढी असेल तर तो मूळपणा मला नको. आणि मुळात हा हट्टच अर्धवट आहे. ज्या गाडीच्या पट्ट्या आपण नव्या घातल्या, टायर नवे घातले, वायरिंग बदलले, बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली, तिच्या विषाशीच तेवढे एकनिष्ठ राहायचे? जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरपट्टी मिळते. त्यासाठी सांगाडा, पत्र्याचे अंग आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, असे नियम म्हणतो. शेंदूर जपा असे तो कोठेही म्हणत नाही. (कोंटेसाला या मानासाठी २०३४ पर्यंत थांबावे लागेल, हे शिक्षकांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.)

तारवटीबाबांचा स्वतःचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वयंपाकघराच्या टेबलावर दुरुस्त होई. डाख देण्याच्या त्यांच्या तारेत साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे. तारेचे तुकडे आणि ठिपके त्याच टेबलावर, जेथे घावन वाढले जाते. त्यांनी ते टेबल आता माळ्यावर नेले आहे. बिनशिशाची तार वापरून पाहिली, पण सांधा तसा चकचकीत येत नाही अशी तक्रार असते. निदान हात साबणाने धुऊन मगच जेवायला बसतात, हे त्यांच्या पत्नीने मला खात्रीने सांगितले.

माझे म्हणणे गाड्या विका, नाद सोडा, असे नाही. जुना रंग सुका घासू नये, ओला घासावा किंवा रसायनाने उतरवावा. ते काम राहत्या घराला लागून करू नये. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे आणि चपला दाराबाहेर ठेवाव्यात, ते कपडे वेगळे धुवावेत आणि त्याच अंगाने नातवाला उचलून घेऊ नये. जुन्या ब्रेकच्या ड्रममध्ये हवा मारून धूळ उडवू नये, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ही सारी बिनखर्चाची कामे आहेत. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षास ९० भागांची मर्यादा आली. पण ती नव्या डब्यांना आहे, साठ वर्षांपूर्वी मारलेल्या हाताला नाही.

समव्यवसायी बंधुभगिनींना मात्र मी थोडे अधिक बोलणार आहे. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे असावे असा अंदाज आहे. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात एका तरी मुलाची ही तपासणी करून घेतली? मी त्या मुलापूर्वी सहा वर्षांत एकदाही केली नव्हती. पांडुरोग लोहाने हटत नाही, मूल माती खाते, पोट दुखते, तर थॅलेसेमियाची तपासणी आपण लिहितो, ते योग्यच आहे. पण त्याच कागदावर शिसेही लिहावे. वडिलांचा धंदा काय, हे आपण केसपेपरावर नोंदवतो. आमच्या स्नेह्यांच्या नावापुढे मी ‘निवृत्त’ असे लिहिले होते. रविवारी हातांनी काय करता, हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मला शिकवला नाही, आणि मी स्वतः त्या हातांच्या शेजारी बसून काजू खात होतो.

त्या मुलाच्या आईची मी क्षमा मागितली. ‘तुम्ही तरी ओळखलेत, डॉक्टर,’ एवढेच ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, हे मला अधिक लागले.

रक्तातले शिसे महिन्या-दीड महिन्यात निम्मे होते असे पुस्तकात असते, पण हाडांत मुरलेले परत रक्तात येत राहते. तीन महिन्यांनी त्याचे ३४ चे २४ झाले, वर्षाने १३. हिमोग्लोबिन चार महिन्यांत ११ वर आले. भूक परतली, माती सुटली. तो आता पाच वर्षांचा आहे, बालवाडीत जातो, आणि गाणी त्याला पटकन पाठ होतात असे त्याची आजी सांगते. मी ते ऐकून घेतो. पुढची तपासणी चतुर्थीनंतर आहे.

शेव्हर्लेचे काम आठ महिने थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले आहे. शेताच्या पलीकडच्या टोकाला पत्र्याची वेगळी शेड घातली आहे. मागचे दिवे, ते मांजराच्या डोळ्यांसारखे, अजून मिळालेले नाहीत. रॉकेट ८८ की जीटीओ, हा वाद गेल्या रविवारीही अनिर्णित राहिला. शेडला कुलूप असते आणि किल्ली आजीच्या कमरेला. आम्हाला आत जायचे झाले तर ती किल्ली देते, आणि परत येताना वसरीच्या पायरीवर उभी राहून आधी आमच्या पायांतल्या चपलांकडे पाहते.